घाम दिसत नाही म्हणून

दर उन्हाळ्यात माझं पळणं बंद पडायचं. दोन-अडीच महिने घरात बसायचं, हवा निवली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आणि त्या सुरुवातीत डावा गुडघा हमखास कुरकुरायचा. फिजिओथेरपिस्टने यंदा सरळ सांगितलं की गुडघ्याला पळण्याचा त्रास नाही, खंडाचा आहे. ट्रेडमिलचा पर्याय होता, पण त्या पट्ट्यावर मला दहा मिनिटांत जांभया येतात. तेव्हा ठरवलं की आमचा उन्हाळा कितीही कोरडा आणि कडक असो, पळायचं बाहेरच. फक्त अंगाला आधी त्या हवेची सवय लावून घ्यायची.

अशी सवय खरोखर लागते. रोज तासभर, अंग तापेल आणि घाम सुटेल इतपत हालचाल गरम हवेत केली, तर १० ते १४ दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, तेवढ्याच श्रमाला नाडी कमी धावते, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. यातलं बरंचसं पहिल्या आठवड्यातच पदरात पडतं. दिवस मात्र शक्यतो सलग हवेत आणि सुरुवात अगदी थोडक्यात हवी. किती थोडक्यात, याचा आकडा मला उन्हात राबणाऱ्या कामगारांसाठीच्या नियमांत सापडला. अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम उष्णतेत द्यावं आणि पुढे रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावं. तिथलीच ओशा ही यंत्रणा म्हणते की उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के पहिल्या काही दिवसांतच होतात. माझं नेहमीचं पळणं तासाभराचं. त्याचे २० टक्के म्हणजे बारा मिनिटं. एवढ्यासाठी बूट घालायचे का, असा प्रश्न मला पडला होता, पण तो आकडा वाचल्यावर मुकाट्याने घातले.

त्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी झाली. मी सर्दी-शिंकांसाठी अधूनमधून ॲलर्जीची जुन्या पद्धतीची, झोप आणणारी गोळी घेत असे. या प्रकारच्या गोळ्यांमुळे घाम कमी होऊ शकतो, हे मला तिथेच कळलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाचे ठोके आवरणारी बीटा ब्लॉकर औषधं, मनाच्या आजारांवरची काही औषधं, ही सगळी उष्णतेत वेगळी वागतात. ती आपल्या मनाने बंद करणं हा तर आणखी मोठा धोका. त्यामुळे ज्यांची रोजची एखादी गोळी चालू आहे त्यांनी उन्हाळी बेत आखण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

मग वजनकाटा. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू तीच, आणि ती घरात आधीपासूनच होती. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्यायचं. परत आल्यावर अंग पुसून, तसंच पुन्हा घ्यायचं. मध्ये किती पाणी प्यायलो ते मोजलेलं असलं की हिशोब सोपा होतो. एका तासाच्या फेरीचे माझे आकडे असे होते: जाताना ६१.४ किलो, आल्यावर ६०.७, आणि वाटेत ३०० मिलिलिटर पाणी. म्हणजे काट्यावर ७०० ग्रॅम कमी आणि प्यायलेलं ३०० त्यात मिळवलं की एक लिटर. एक लिटर घाम गेला, आणि टी-शर्ट? कोरडा खडखडीत. काखेत थोडा ओलावा आणि टोपीच्या कडेला पांढरी रेघ, बस्स. दमट हवेत एवढ्याच घामाने कपडे पिळून काढावे लागले असते आणि मनाने आपोआप ओळखलं असतं की बरंच पाणी गेलंय. कोरडी हवा तो पुरावाच नाहीसा करते. घाम त्वचेवर आला न आला तोच उडून जातो, अंगाला बरं वाटत राहतं, आणि बरं वाटतंय म्हणून माणूस पुढे जात राहतो.

सहनशक्तीच्या व्यायामात वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की कामगिरी घसरायला लागते, असं मानलं जातं. माझ्यासाठी ही रेघ सव्वा किलोच्या आसपास येते. तो आकडा मी फ्रिजवर चिकटवून ठेवला.

एवढा घाम लागतो तरी कशाला, हे कागदावर मांडून पाहिलं. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला ढोबळमानाने एक किलोकॅलरी लागते. ताशी आठ किलोमीटरच्या चालीने तासाभरात माझ्या जवळपास पाचशे किलोकॅलरी खर्च होतात. त्यातला फार तर चौथा हिस्सा पाय हलवण्याच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे माझी स्वतःची उष्णता बाहेर टाकायलाच साडेसहाशे मिलिलिटर हवेत. वरचे साडेतीनशे ऊन, तापलेला रस्ता आणि गरम वारा यांच्या नावावर. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की वारा अंगातली उष्णता नेण्याऐवजी उलट अंगाला देतो, आणि घाम सुकणं एवढा एकच मार्ग उरतो. हा मार्ग किती दांडगा आहे, याचा जुना दाखला आहे. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे सोबती भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत शिरले. तापमापक १२५ अंश सेल्सियसच्या वर होता. त्याच खोलीत ठेवलेलं मांस शिजून निघालं, माणसं मात्र काही मिनिटांनी धडधाकट बाहेर आली. हवा कोरडी होती आणि अंगात पाणी होतं म्हणून.

आता प्रत्यक्ष पळण्याविषयी. माझी नणंद सायकल घेऊन सोबत यायची. तिला पळण्यात रस नाही, पण एकटीने जायचं नाही अशी माझी अट होती आणि तिला कोणावर तरी हुकूम सोडायला आवडतं, त्यामुळे जमून गेलं. मी घड्याळातला वेग दाखवणारा पडदा बंद करून टाकला आणि फक्त नाडी ठेवली. थंड दिवसांत ज्या चालीला माझी नाडी १३५ असते, त्याच चालीला पहिल्याच दिवशी ती १५० च्या वर गेली. रक्ताला एकाच वेळी दोन कामं असतात, स्नायूंना प्राणवायू पोचवायचा आणि त्वचेकडे जाऊन उष्णता सोडायची. त्यात घामाने रक्तातलं पाणी घटलेलं असतं, मग हृदय जास्त वेळा आकुंचन पावून भरपाई करतं. मी १४० ची मर्यादा ठेवली. आकडा वर गेला की चालायचं, खाली आला की पळायचं. सुरुवातीच्या दिवसांत पळण्यापेक्षा चालणंच जास्त झालं. शेजारून लहान मुलं चालत पुढे जायची. असो.

वेळेचा प्रश्न मी दोन टप्प्यांत सोडवला. कोरड्या प्रदेशात आकाश निरभ्र असतं, हवेत बाष्प कमी, त्यामुळे रात्री जमिनीची उष्णता भराभर निघून जाते आणि सूर्योदयाच्या सुमाराला हवा सर्वांत थंड असते. पाऱ्याचा माथा मात्र बाराला नसतो, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान कुठेतरी असतो, कारण जमीन तापत राहते आणि वरची हवा तापवत राहते. म्हणून ‘ऊन कललं’ म्हणून साडेपाचला बाहेर पडणं फसवं. ऊन डोळ्यांना सौम्य दिसतं, पण डांबर पोटरीपर्यंत झळा फेकत असतं. मी सूर्योदयाला सुरुवात केली आणि दर दोन-तीन दिवसांनी निघण्याची वेळ थोडी पुढे नेली. वेळही वाढवायची आणि ऊनही वाढवायचं, असं एका दिवशी कधी केलं नाही. भर दुपारी पळण्याचा माझा बेत कधीच नव्हता. सराव म्हणजे पराक्रम गाजवणं नव्हे, आणि ज्यांना कामापायी दुपारी बाहेर राहावं लागत नाही त्यांनी हौसेने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्ताही बदलला. आधीचा रस्ता सरळ लांब जायचा. आता घराभोवती छोटी फेरी, तीच परत परत. कंटाळवाणी आहे, कबूल. पण कुठल्याही क्षणी घर, सावली आणि पाणी पाच-सात मिनिटांवर असतं.

कपड्यांबाबत मला थोडं उलटं शिकावं लागलं. उकडतंय म्हणून कमी कपडे, हे दमट हवेत ठीक आहे. कोरड्या उन्हात उघडी कातडी ऊनही घेते आणि गरम वाराही. सैल, लांब बाह्यांचा, पातळ शर्ट घातल्यावर अंग कमी तापलं. रंगावरून आमच्या घरात वाद झाला. मी पांढऱ्याच्या बाजूने, नणंद म्हणे काही फरक पडत नाही. गंमत म्हणजे वाळवंटात बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० साली ‘नेचर’ या शोधपत्रिकेत एक लेख आला होता. काळा झगा उष्णता जास्त शोषतो, पण झगा सैल असल्यामुळे ती अंगापर्यंत पोचण्याआधीच निघून जाते, आणि काळ्या-पांढऱ्या झग्यांत त्वचेपर्यंत येणारी उष्णता सारखीच भरली. म्हणजे सैलपणा महत्त्वाचा. मी तरी पांढराच घालते, निदान वाहनवाल्यांना दिसते.

खरी चैन म्हणजे शर्ट भिजवणं. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं तर तो बाष्पीभवनामुळे खाली उतरतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर असा ओला तापमापक २२ अंशांच्या आसपास स्थिरावतो. वीस अंशांची ही तफावत कोरड्या हवेने दिलेली मोफत थंडाई आहे आणि ती फक्त घामावर सोडायची गरज नाही. निघताना टोपी, मानेभोवतीचा रुमाल आणि शर्टाच्या बाह्या भिजवायच्या. वीसेक मिनिटांत सुकतात, फेरी घराजवळून जाताना पुन्हा भिजवायच्या. नाडी दर वेळी चांगली पाच-सात ठोक्यांनी उतरलेली दिसायची. भिजवून गेले त्या दिवशी काट्यावरची घटही न भिजवलेल्या दिवसापेक्षा कमी भरायची, कारण बाहेरचं पाणी अंगातल्या पाण्याच्या वाटचं काम करत होतं.

कोरड्या हवेच्या काही किरकोळ कटकटीही आहेत. ओठ फुटतात, नाकात पापुद्रे धरतात आणि कधी थेंबभर रक्त येतं, डोळे चुरचुरतात. नाकात मलमाचं बोट फिरवलं आणि लेन्सऐवजी चष्मा लावला की भागतं.

पिण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे दोन्ही बाजूंनी घोळ होतो. उन्हाळ्यात ‘भरपूर पाणी प्या’ असं सगळेच सांगतात. भरपूर म्हणजे किती? २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताचे नमुने शर्यतीनंतर तपासले गेले. त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध होता पळताना वजन वाढण्याशी. म्हणजे त्यांनी घामापेक्षा जास्त पाणी पोटात घातलं होतं. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात, जीवही जातो. सुरुवातीची लक्षणं मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशी, म्हणजे ऊन लागल्यासारखीच, आणि ऊन लागलं समजून त्या माणसाला आणखी पाणी पाजलं तर संपलंच. म्हणून काट्यावर माझा नियम दुहेरी आहे. सव्वा किलोपेक्षा जास्त उतरायचं नाही, आणि निघतानाच्या वजनापेक्षा एक ग्रॅमही वर जायचं नाही. उष्णतेत काम करणाऱ्यांना नायॉश दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी सांगते आणि तासाला दीड लिटरच्या आत राहायला सांगते. माझं तासाला चारशे-पाचशे मिलिलिटरमध्ये भागतं, उरलेली तूट घरी जेवणासोबत भरून निघते. तासाभराच्या पळण्याला मिठाचं वेगळं पाणी मला लागलं नाही. लांबच्या फेरीला क्षारसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाने कालवून घेते, डोळ्यांच्या अंदाजाने नाही.

दुसऱ्या आठवड्यात फरक जाणवायला लागला. जी चाल १५० ला नेत होती ती १४० च्या आत बसली. घाम पहिल्या पाच मिनिटांतच सुटायचा. काट्यावरची घट तर वाढली, पण टोपीच्या कडेची पांढरी रेघ पुसट झाली. घाम जास्त आणि मीठ कमी, हे आधी वाचलेलं टोपीवर उमटलेलं पाहून मला फारच आनंद झाला. मी ती टोपी घरातल्या सगळ्यांना दाखवली. कोणालाच काही वाटलं नाही.

मात्र याच दिवसांत एक सकाळ वेगळी गेली. आदल्या रात्री झोप झाली नव्हती. सुरुवातीला सगळं नेहमीसारखं होतं, मग अचानक हातांवर काटा आला. चाळीसच्या दिशेने निघालेल्या हवेत शहारा! नणंदेचा एक खेळ ठरलेला होता. ती मधूनच ओरडायची, “वहिनी, तेराचा पाढा!” आणि मी पळता पळता म्हणायचा. उष्णतेने मेंदूवर परिणाम होऊ लागला की सर्वांत आधी बोलणं-वागणं बिघडतं आणि ते त्या माणसाला स्वतःला कळत नाही, म्हणून ही परीक्षा. त्या दिवशी तेरा साते एक्क्याण्णव नीट आलं, पण मी तिच्यावर खेकसले. तिने सायकल आडवी घातली. “तू एरवी चिडत नाहीस. बस खाली.” सावलीत बसले, तिने बाटल्या डोक्यावर, मानेवर ओतल्या, पुठ्ठ्याने वारा घातला. पंधरा मिनिटांत काटा गेला, नाडी उतरली. घरी रिक्षाने आलो आणि पुढचे दोन दिवस पूर्ण सुट्टी. उन्हात शहारणं, एकाएकी चिडचिड, पाय जड होणं, नाडी चालताना न उतरणं, यांतलं एक जरी दिसलं तरी फेरी तिथेच संपली, हे तेव्हापासून वादाच्या पलीकडे गेलं.

याहून वाईट झालं असतं तर काय करायचं हेही आम्ही ठरवून ठेवलं होतं. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने ओलं असू शकतं, त्यामुळे ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ यावर विसंबायचं नाही. रुग्णवाहिका बोलवायची, पण ती येईपर्यंत थांबायचं नाही. गार पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवायचं, डोकं धरून ठेवायचं. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी सतत बदलत राहायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमाउथच्या शर्यतीत १८ वर्षांत २७४ धावपटूंना असा उष्माघात झाला. जागेवरच गार पाण्यात बुडवल्यामुळे ते सगळे वाचले. आमच्या न्हाणीघरात त्या महिन्यांत एक मोठा टब आणि फ्रीजरमध्ये बर्फाच्या पिशव्या कायम तयार असायच्या. न वापरता राहिल्या.

पुढे एका लग्नासाठी थंड गावी जाणं झालं आणि आठवड्याच्या वर खंड पडला. उष्णतेचा सराव चार-दोन दिवसांच्या सुट्टीने बिघडत नाही, आठवडा ओलांडला की झपाट्याने ओसरतो. परतलेल्या जुन्या कामगारांसाठीही नायॉशचं माप आहे: पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, मग ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. मी तसंच केलं. अर्धा तास, मग छत्तीस मिनिटं, मग अठ्ठेचाळीस. नणंदेला हे पोरकट वाटलं. पण पहिल्या दिवशी १४० च्या मर्यादेने मला चार वेळा चालायला लावलं तेव्हा ती गप्प बसली.

आता आभाळ भरून यायला लागलंय. पारा सहा-सात अंशांनी उतरला, पण हवा दमट झाली आणि नाडी पुन्हा वर. भिजवलेला शर्ट फेरी संपेपर्यंत ओलाच राहतो, म्हणजे तो मला थंडही करत नाही. उन्हाळ्यात जमवलेल्या सरावातला रक्तातल्या पाण्याचा भाग इथेही कामी येतो, पण भिजवण्याची युक्ती बाद. सध्या फेरीतला निम्मा वेळ चालते आणि सुटसुटीत, आखूड बाह्यांचे कपडे काढलेत.